वरचा मजला खाली

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे असतील, तर ते आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या अक्कांचे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. जे सांगणार आहे त्याला ते चिकटू नये असं वाटतं. सगळा गाव त्यांना अक्का म्हणे, मीही तेच म्हणत आलो.

आमचं गाव म्हैसूरकडचं, नंजनगुडाच्या पलीकडचं, तालुक्याचं. वडील कापडावर ठसे मारत. आजोबांच्या काळापर्यंत रंगाचा धंदा बरा चालला होता. पुढे गिरणीचं छापील कापड स्वस्त झालं आणि वडिलांकडे पलंगपोस आणि लग्नासाठी कुणी मुद्दाम मागितलेली लुगडी तेवढी उरली. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या हाताखाली असे, त्यामुळे माझेही हात बोटांपासून मनगटापर्यंत निळे असत. घरात चौथीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं.

वाचनालय नवीनच उघडलं होतं. बाजाराच्या मागे कौलारू दोन खोल्या, लांब टेबल, वर्तमानपत्रं, चार कपाटं. मी दारात उभा राहून आत बघत असे. रंगाची बोटं पुस्तकांना लागतील आणि कुणीतरी रागावेल अशी भीती. असे सात-आठ दिवस गेले असतील. अक्का तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर असतील. त्यांच्याही घरी आमच्यासारखीच मराठी. एके दिवशी त्यांनी मला विचारलं, घर स्वतःचं की भाड्याचं? स्वतःचं म्हटल्यावर कंदायची पावती घेऊन यायला सांगितलं. घरपट्टीला आमच्या मराठी घरांतही कंदायच म्हणतात. मला वाटलं, वडिलांकडून काही तरी चुकलं. आईनं पिठाच्या डब्यामागून पावती काढून दिली आणि ती मी छातीशी धरून नेली.

अक्कांनी पावती टेबलावर पसरली आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे ग्रंथालय असं लिहिलं होतं आणि पुढे काही पैसे.

"हे बघ. तुझ्या वडिलांनी पैसे भरलेत," त्या म्हणाल्या. "म्हणजे हे तुझंच की रे. स्वतःच्या घराच्या दारात कोण उभं राहतं?"

मग मागच्या नळावर साबण दाखवला. पुढची सहा वर्षं मी रोज तिथे हात धुतले. चौथ्या कपाटात कुणा मराठी कुटुंबानं दिलेली जुनी पुस्तकं होती. आमच्या शाळेत कानडी. देवनागरी अक्षरं मला अक्कांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर काढून शिकवली. आज हे मराठीत लिहितो आहे ते त्या कडांमुळे. मॅट्रिकला त्यांनी माझ्यासाठी म्हैसूरहून प्रश्नसंच मागवले, कॉलेजचा अर्ज भरून घेतला. पदवी मिळाली तेव्हा वडिलांनी ते प्रमाणपत्र आधी वाचनालयात नेऊन दाखवलं, मग घरी आणलं.

कडकोळच्या एका कारखान्यात मला हिशेब विभागात नोकरी लागली. लग्न झालं, वडील गेले, आई माझ्याकडे आली. कर्ज काढून म्हैसूरच्या कुवेंपुनगरात घर बांधलं. खाली आम्ही, वर भाडेकरू. वरचं भाडं आलं की ते तसंच बँकेच्या हप्त्यात जाई, त्याशिवाय ते घर उभंच राहिलं नसतं. ही सबब म्हणून सांगत नाही. पण त्या काळात आमच्या रस्त्यावरची निम्मी घरं अशीच उभी राहिली, आणि कंदायचा आकडा आला की सगळ्यांच्याच कपाळाला आठी पडे, हेही खरं आहे.

आमच्या घरातल्या मराठीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती निम्मी कानडी आहे. तिच्यात 'खाली' हा एक शब्द दोन कामं करतो. मराठी खाली म्हणजे तळाला. कानडी खाली म्हणजे रिकामं. आम्ही दोन्ही वापरतो. डबा खाली ठेव, आणि डबा खाली झाला. सुरावरून कळतं, कधी अडत नाही.

घर बांधून दोनेक वर्षं झाली असतील. पालिकेनं घरांची नवी आकारणी सुरू केली होती. कोण कुठे राहतं, भाडं किती, हे बघायला माणूस घरोघर फिरत होता. वरचा मजला भाड्यानं असेल तर कर चांगलाच वाढे, रिकामा असेल तर कमी. मी कामावर होतो. आई पायरीवर बसून अवऱ्याच्या शेंगा सोलत होती. वरच्या बिऱ्हाडातली बाई दाराला कडी घालून मागच्या नळावर पाणी भरायला उतरली होती. त्या माणसानं मान वर करून बंद दार पाहिलं आणि आईला कानडीत विचारलं, वर कोण असतं? आईला वाटलं, वरच्या बाईकडे काम आहे. तिनं मागे हात दाखवत सांगितलं, "खाली, खाली." त्यानं पुन्हा विचारलं, "खालीना, अम्मा?" आईनं होकार दिला, "हौदु, खाली." त्यानं लिहून घेतलं आणि पुढच्या घरी गेला. वरची बाई घागर घेऊन आली तेव्हा तो फाटकाबाहेर पडला होता.

संध्याकाळी आईनं हे हसत हसत सांगितलं. उलगडा तिचा तिलाच नंतर झाला होता. "मेल्याला वाटलं घरच खाली," ती म्हणाली. "उद्या जाऊन सांगून ये रे त्याला. उगीच सरकारच्या वहीत खोटं नको."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गेलो नाही. त्या आठवड्यात गेलो नाही. पुढे कराची नोटीस आली, आकडा शेजाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी होता. बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी नोटीस घडी करून ठेवली. आईनं दोनदा विचारलं, सांगून आलास का? पहिल्यांदा वेळ झाला नाही म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं, सांगितलंय, ते बघतील. त्यानंतर तिनं विचारलं नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला की तिला समजलं, हे मला माहीत नाही. ती गेली तेव्हाही वहीत आमचा वरचा मजला खालीच होता, आणि वर तिसरं बिऱ्हाड राहत होतं.

आमच्या रस्त्यात तक्रारी लिहायचं काम माझ्याकडे असे. पदवीधर, कानडी स्वच्छ, अक्षर बरं. कोपऱ्यावरचा दिवा चार दिवस लागला नाही की मी अर्ज लिही. गटार तुंबलं, कचरागाडी आली नाही, बागेचं फाटक मोडलं, की मी अर्ज लिही. प्रत्येक अर्जात एक वाक्य हमखास असे: आम्ही नियमितपणे कर भरणारे नागरिक आहोत. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर सही करण्यापूर्वी तो अर्ज मोठ्यानं वाचत आणि म्हणत, "हे वाक्य झकास आहे हो तुमचं." ते आपल्या दोन्ही मजल्यांचा कर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरत. मी त्यांच्या हातातून कागद घेताना वर बघत नसे.

मग पद्धत बदलली. घरमालकानंच आपल्या घराची माहिती लिहून द्यायची आणि कराचा आकडा आपणच काढायचा, असं आलं. कचेरीतून फॉर्म आणला. मजला, छप्पर, मोजमाप, वापर. तळमजल्यापुढे मी 'स्वतः' लिहिलं. वरच्या मजल्यापुढे पेन थांबलं. हिशेबाची नोकरी करणारा माणूस मी, दुसऱ्याच्या रकान्यातली चूक मला लांबून दिसते. आतापर्यंत ती आईच्या तोंडातून निघालेल्या शब्दाची आणि त्या माणसाच्या कानाची चूक होती, असं मी मनाशी धरलं होतं. इथे तोंड नव्हतं, कान नव्हता. मी कानडीत, सुवाच्य अक्षरात, 'खाली' लिहिलं आणि तळाशी सही केली. वर भाडेकरणीच्या मुलाचा चेंडू जमिनीवर आपटत होता.

अक्कांची मधल्या काळात म्हैसूरला बदली झाली होती. कुवेंपुनगरातच, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, एका भाड्याच्या जागेत वाचनालयाची शाखा होती. तिथूनच त्या निवृत्त झाल्या. राहायला बोगादीला, भाच्याकडे. पण निवृत्तीनंतरही आठवड्यातून चार दिवस सिटी बसनं येऊन शाखेत बसत. सकाळी म्हातारी माणसं पेपर वाचायला, दुपारी स्पर्धापरीक्षेची मुलं. पंख्याखालची जागा मिळावी म्हणून मुलं दार उघडायच्या आधीच उभी असत. मी रविवारी जाई. अक्का नव्या मुलांना माझी ओळख करून देत. हा आमच्या गावचा, निळ्या बोटांचा. मुलं हसत, मलाही बरं वाटे.

एका रविवारी अक्कांनी मला बाजूला घेतलं. जागेचा मालक भाडं वाढवून मागत होता, आणि शाखा बंद करून पुस्तकं लांबच्या मोठ्या शाखेत न्यायचं चाललं होतं. तिथे जायला दोन बस. म्हातारे जाणार नाहीत, मुली तर नाहीतच. मी अर्ज लिहावा आणि आपण दोघांनी जाऊन तो द्यावा, असं त्यांचं म्हणणं. मी आनंदानं लिहिला. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे प्रथमच काही मागितलं होतं. सवयीनं ते वाक्यही त्यात आलं.

पालिकेच्या कचेरीतल्या अधिकारी बाई चाळिशीच्या होत्या. त्यांनी आम्हांला बसायला सांगितलं, अर्ज पूर्ण वाचला. मग म्हणाल्या, वाचनालयाचा पैसा कंदायातूनच येतो. जितका कर गोळा होईल त्या मानानं वाचनालयाचा वाटा. भाडं वाढवून द्यायचं म्हणजे तो वाटा वाढला पाहिजे, आणि या भागात तो वाढत नाही. त्या चिडलेल्या नव्हत्या. अर्जावरचा माझा पत्ता बघून त्यांनी शिपायाला त्या रस्त्याची वही आणायला सांगितली. आम्हांला दाखवण्यासाठीच.

"हा तुमचाच रस्ता," त्या कानडीत म्हणाल्या आणि रकान्यावरून पेन्सिल फिरवू लागल्या. "वरचा मजला खाली. वरचा मजला खाली. खाली. इतकी घरं खाली असतील तर म्हैसुरात भाड्याला घर का मिळत नाही, सांगा मला."

अक्का हसल्या. चष्मा लावून त्याही वहीत डोकावल्या. दर संक्रांतीला त्या मला एळ्ळुबेल्ल, म्हणजे इकडचा तिळगूळ, पाठवतात, माझा घरनंबर त्यांना पाठ आहे. त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"अरे," त्या मराठीत म्हणाल्या, "तुझं वरचं खाली कसं?"

मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. बहुतेक, आईनं तेव्हा, असं काही तरी पुटपुटलो. ही घरातली जुनी गंमत कधी तरी आईनंच त्यांना सांगितली असावी, कारण पुढचं सगळं त्यांनीच जोडून घेतलं. त्या अधिकारी बाईंकडे वळल्या आणि कानडीत समजावू लागल्या, की आम्ही मराठी माणसं, आमच्यात खाली म्हणजे कीळगे, तळाला. याची म्हातारी आई खाली म्हणाली आणि तुमच्या माणसानं रिकामं लिहिलं. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला बोलावून पुन्हा सांगायला लावलं. सगळे हसले. एकट्या कारकुनानं वहीकडे बघून म्हटलं, "पण मॅडम, हे तर आता मालकानं स्वतः भरून दिलेलं..."

"मग जुन्या वहीवरूनच उतरलं असेल," अक्का म्हणाल्या. "हा खोटं लिहिणार नाही. लहानपणापासून ओळखते मी याला. माझ्याकडे हात धुऊन आत यायचा."

कारकून माझ्याकडे बघत राहिला. मी बोलायला हवं होतं. जागा तीच होती, वेळ तीच होती, ज्यांना सांगायचं ती माणसंही समोरच बसली होती. मी टेबलावरच्या अर्जाकडे बघत बसलो. अर्जात लिहिलं होतं, आम्ही नियमितपणे कर भरणारे नागरिक आहोत.

बाहेर आल्यावर अक्कांनी मला बसथांब्यापर्यंत सोबत यायला सांगितलं. आईची आठवण काढून त्या अजून हसत होत्या. तेवढं दुरुस्त करून टाक रे, एवढंच म्हणाल्या आणि बोगादीच्या बसमध्ये चढल्या.

दोन दिवसांनी मी एकटा कचेरीत गेलो. तोच कारकून होता. त्यानं दुरुस्तीचा फॉर्म दिला, मागच्या वर्षांचा फरक काढून दिला. रक्कम मोठी होती. भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन ती भरली. फॉर्ममध्ये कारणाचा रकाना होता. मी थांबलेला बघून कारकून हलक्या आवाजात म्हणाला, "चुकून, असं लिहा सर. सगळे तेच लिहितात." मी 'चुकून' लिहिलं. पैसे भरूनसुद्धा मी तिथून ताठ मानेनं निघालो नाही, हे सांगायला हवं.

माझ्या एका घराच्या पैशानं वाचनालय वाचणार नव्हतं, आणि वाचलंही नाही. महिनाअखेरीस शाखा बंद झाली. शेवटच्या दिवशी पुस्तकांचे गठ्ठे बांधायला आम्ही दहाबारा जण जमलो होतो. मुलं, चार म्हातारे, पोस्टमास्तर. अक्का यादी हातात धरून एकेक पुस्तक बघून सोडत होत्या. वातावरण जड झालं होतं, ते हलकं व्हावं म्हणून त्यांनी ती गोष्ट सांगितली. खालीची. आईची नक्कल करून सांगितली, शेंगा सोलत मागे हात दाखवायचा तो आविर्भाव हुबेहूब. त्या मुलांनी माझ्या आईला कधी पाहिलं नव्हतं. ती पोट धरून हसली. एक मुलगी म्हणाली, "अज्जीमुळे सरांचा कितीचा फायदा झाला म्हणायचा." पोस्टमास्तर हसले नाहीत. त्यांनी दोरीचं दुसरं टोक माझ्याकडे दिलं आणि गाठ आवळा म्हणाले.

मी गाठ आवळली. 'सांगून ये रे त्याला' म्हणणारी आणि पुन्हा दोनदा विचारणारी बाई आता साऱ्या कुवेंपुनगरात या खोट्याची मालकीण झाली होती. तिला तसं मी केलं होतं, गप्प बसून.

त्याच आठवड्यात मी अक्कांना पत्र लिहिलं. बोगादी फार लांब नाही, जाऊन सांगता आलं असतं. पण त्यांच्यासमोर बसलो की मी पुन्हा दारात उभा राहिलेला मुलगा होतो, आणि त्या मला पुन्हा आत घेतील, हे मला माहीत होतं. म्हणून पत्र. त्यांनी शिकवलेल्या लिपीत.

ती. अक्कांना,

सा. न. वि. वि.

शाखेत त्या दिवशी तुम्ही माझ्या आईची गोष्ट सांगितलीत. ती अर्धीच खरी आहे. उरलेली मी कचेरीत सांगायला हवी होती, ती आता सांगतो.

आई खाली म्हणाली आणि त्या माणसानं रिकामं लिहिलं, इथपर्यंत बरोबर. पण त्याच संध्याकाळी आईला चूक कळली होती. तिनं मला दुरुस्त करून यायला सांगितलं. पुन्हा दोनदा विचारलं. मी गेलो नाही, आणि गेलो असं तिला खोटं सांगितलं. पुढे नवा फॉर्म आला तेव्हा मी स्वतः, समजून उमजून, 'खाली' लिहिलं. जुन्या वहीवरून काही उतरलं नव्हतं. कारकुनाला ते कळलं होतं, म्हणून तो माझ्याकडे बघत होता. तुम्ही माझी हमी दिलीत आणि मी ती घेतली.

लहानपणी तुम्ही मला वडिलांच्या पावतीवरची ओळ दाखवली होती. ते पैसे त्यांनी ठसे मारून भरले होते. त्या ओळीच्या जोरावर मी आत आलो. मोठा झाल्यावर तीच ओळ मी वर्षानुवर्षं कमी भरली, आणि दर रविवारी पंख्याखाली बसून तुमच्याकडून कौतुक करून घेतलं. माझ्यामुळेच शाखा बंद झाली असं मी म्हणत नाही. पण तिथे उभ्या राहणाऱ्या मुलांना तुम्ही माझं उदाहरण देत होता, त्याला मी लायक नव्हतो.

थकलेला कर भरला आहे. फॉर्मवर कारण 'चुकून' असं लिहिलं, तेही खोटंच होतं. त्या बाईंना वेगळं पत्र लिहून ते खोडायला सांगितलं आहे. पोस्टमास्तरांना काल प्रत्यक्ष सांगितलं. ते म्हणाले, "मला ठाऊक होतं हो, वरच्या पोरांचा चेंडू माझ्याच अंगणात पडतो."

तुम्ही क्षमा करावी असं मागायला हे लिहिलेलं नाही. एकच मागणं आहे. ती गोष्ट तुम्ही छान सांगता, लोक हसतात, ती बंद करू नका. पण सांगाल तेव्हा आईच्या जागी मला घाला. ती खाली म्हणाली तेव्हा वरची बाई खरोखरच खाली होती.

तुमच्याकडे हात धुऊन आत येणारा.